खिळा न ठोकता: इटलीतल्या जुन्या वाड्यांत नवी कला कशी बघावी

व्हेनिसला मंगळवारी जाऊ नका. पहिल्या खेपेला मी आणि ही, दोघं पदुआहून सकाळच्या गाडीने उतरलो, सात-आठ पूल चढलो-उतरलो, आणि ज्या दारासाठी आलो होतो ते बंद. लेकीने आदल्या रात्री बजावलं होतं. पण चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवार, एवढंच बसलेलं. पलाझ्झो ग्रास्सी, पुंता देल्ला दोगाना आणि पेगी गुगेनहाइम ही नव्या कलेची तिन्ही ठिकाणं मंगळवारी बंद असतात, आणि बिएनाले, म्हणजे शहरात भरणारं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, बहुतेक सोमवारी. कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

मी कलेतला माणूस नाही. साताऱ्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात होतो, आणि शेवटची बरीच वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेली: कचेऱ्या, विश्रामगृहं, दर पावसाळ्यात गळणारं एक न्यायालय. लेक नोकरीसाठी पदुआला गेली, तशा आमच्या इटलीच्या फेऱ्या सुरू झाल्या. हिला चित्रांची आवड, मला नाही. ती एकेका चित्रासमोर दहा मिनिटं उभी राहायची आणि मी छत बघत बसायचो. छत बघता बघताच मला या प्रदर्शनांची गोडी लागली, आणि ज्यांना माझ्यासारखं ‘यात काय बघायचं?’ असं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मुद्दा साधा आहे. इटलीत अशा जुन्या, संरक्षित इमारतीच्या भिंतीला कुणी उठून खिळा ठोकू शकत नाही. वारसा सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीची परवानगी लागते, आणि ती कचेरी आपल्या कचेऱ्यांइतकीच कडक असते. मग पाच मीटरचं चित्र टांगायचं कशावर? दोन टनांचं शिल्प ठेवायचं कुठे? दिव्यांच्या वायरी न्यायच्या कुठून? प्रत्येक प्रदर्शनात हे कोडं कुणीतरी सोडवलेलं असतं. ते कसं सोडवलं हे आधी शोधा. नवं जुन्याला नेमकं कुठे टेकलंय, ती जागा सापडली की निम्मं प्रदर्शन कळलं.

त्यासाठी खोलीत शिरल्यावर आधी चित्राकडे पाठ करायची. वर बघायचं, मग पायाखाली, मग कोपऱ्यांत. दोन मिनिटं पुरे. पांढरी भिंत दिसली तर समोरून न बघता कडेला जाऊन बघा. पलाझ्झो ग्रास्सी हा मस्सारी नावाच्या वास्तुकाराने अठराव्या शतकात बांधलेला वाडा. २००५ मध्ये फ्रांस्वा पिनो या फ्रेंच संग्राहकाने तो घेतला आणि आतलं काम तादाओ आंदो या जपानी वास्तुकाराला दिलं. आंदोने जुन्या भिंतींना हात लावला नाही. त्यांच्या पुढे थोडी फट ठेवून पांढऱ्या भिंती उभ्या केल्या. चित्रं त्या नव्या भिंतींवर लागतात आणि छतावरची जुनी नक्षी वर मोकळी राहते. खोलीत खोली, म्हणजे देवघरात देव्हारा असतो तसं. कडेला उभं राहिलं की नव्या भिंतीची जाडी आणि मागची फट दिसते. मला पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी हिला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, “चित्र पण बघा थोडं.”

आता जमिनीचं. व्हेनिसच्या वाड्यांत वरच्या मजल्यांवर तेरात्सोची जमीन असते: चुन्यात दगडाचे बारीक तुकडे घालून, घोटून, तेल पाजून चकचकीत केलेली. आपल्याकडच्या जुन्या मोझेक फरशीची ही थोरली चुलत बहीण. खाली लाकडी तुळया असतात. शहर मऊ चिखलावर उभं असल्याने इमारती हळूहळू हलतात, आणि चुन्याची जमीन ते थोडंफार सोसून घेते. म्हणून चालताना कुठे उतार लागतो, कुठे खळगा. एखादं शिल्प वाकडं वाटलं तर आधी जमीन तपासा. त्याच कारणाने फार जड कामं सहसा तळमजल्यावर असतात. २०१७ मध्ये ग्रास्सीच्या चौकात डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलाकाराची अठरा मीटर उंचीची बिनडोक्याची आकृती उभी होती, तीन मजले व्यापून. समुद्राच्या तळातून काढलेलं ब्राँझ वाटावं असा रंग, पण ती राळेची होती. लोक त्या समुद्रातून काढल्याच्या कथेत रंगले होते आणि मी मनात वजनाचा हिशेब करत होतो. तेवढं ब्राँझ असतं तर त्या चौकाच्या पायाचं काय झालं असतं!

ग्रास्सी आणि दोगानाचं बहुधा एकच तिकीट असतं, ते जपून ठेवा. दोन्हींच्या मध्ये वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची एसटी, घेऊ नका. ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरोचं आहे आणि चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. अकादमियाचा लाकडी पूल ओलांडला की डावीकडे गल्ल्यांतून सरळ. वाटेत गुगेनहाइम लागतं. तोही वाडा बघण्यासारखा आहे तो अर्धवट राहिला म्हणून: अठराव्या शतकात काम सुरू झालं आणि तळमजल्यावरच थांबलं. अशी रखडलेली कामं मी खात्यात पुष्कळ पाहिली, पण त्यात कुणी पिकासो लावले नाहीत.

पुंता देल्ला दोगाना म्हणजे जुना जकात नाका. शहराच्या टोकाला, जिथे मोठा कालवा खुल्या पाण्याला मिळतो तिथे, त्रिकोणी आकाराची गोदामं. सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. माथ्यावर सोनेरी गोल, आणि त्या गोलावर वाऱ्याबरोबर फिरणारी भाग्यदेवता. जहाजं इथे लागायची, माल उतरायचा, कर भरायचा. बरीच वर्षं रिकामी पडलेली ही वास्तू आंदोने दुरुस्त केली आणि २००९ मध्ये ती कलेसाठी उघडली. तुमच्याकडे व्हेनिससाठी एकच दिवस असेल तर इथे दोन तास द्या, बाकीचं सोडा.

आत लांबच लांब दालनं आहेत, एकाला एक लागून, वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या. विटांच्या भिंती बिनगिलाव्याच्या ठेवल्यात. त्या विटांजवळ जा. हात लावू नका, राखणदार लगेच उठतो. हाताची घडी घाला म्हणजे मोह होत नाही. काही विटा फिक्या, काही गडद, काहींच्या कडा धारदार तर काहींच्या झिजून गोल झालेल्या. खाऱ्या पाण्याने लोणा लागून जी वीट भुगा झाली तेवढीच काढायची आणि तिथे दुसरी बसवायची, शेजारणीला धक्का न लावता. या कामाला इटालियनमध्ये ‘स्कूची-कूची’ म्हणतात. शब्दशः उसवा-शिवा. आमच्याकडे भिंतीचं असं काम निघालं की ठेकेदार सगळी भिंत पाडून मोकळा व्हायचा, कारण अंदाजपत्रकात उसवणं-शिवणं बसत नाही. इथे किती माणसांनी किती दिवस एकेक वीट काढली असेल, ते त्या भिंतीवर सरळ वाचता येतं.

आणि मग मधोमध आंदोचं काँक्रीट. चौकोनी, छतापर्यंत उंच, राखाडी. जवळून बघा: शटरिंगच्या पाट्यांचे सांधे सरळ रेषेत आहेत, बोल्टांची गोल छिद्रं एका ओळीत आहेत, कुठे मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं नाहीत. मी आयुष्यात असलं काँक्रीट ओतून घेऊ शकलो नाही, हे कबूल करतो. त्या भिंतीला टेकून कुणाचं तरी मोठं नाव असलेलं काम ठेवलं होतं. काय होतं ते आठवत नाही. भिंत आठवते. पण मग लक्षात आलं की ते काम तिथेच का ठेवलं असेल: एका बाजूला तीनशे वर्षांची वीट, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत काँक्रीट, आणि मधल्या त्या वस्तूला दोन्हींचा रंग लागत होता. उन्हाची तिरीप अर्धगोल खिडकीतून आली की तर जास्तच. सकाळी जाऊन बघितलेली खोली जमल्यास दुपारी परत बघा. पाण्यावरून उलटा येणारा उजेड छतावर हलतो, तेवढ्यासाठी तरी.

बाहेर पडून टोकावर जा. तिथे काही वर्षं चार्ल्स रे या शिल्पकाराचा पांढरा मुलगा उभा होता, हातात बेडूक धरून. २०१३ मध्ये तो हलवला आणि जुना दिव्याचा खांब परत आला, कारण गावकऱ्यांना खांब हवा होता. ही म्हणते मुलगा बरा होता. मी खांबाच्या बाजूने.

बिएनालेचं गणित निराळं. १८९५ पासून चालू आहे. कलेचं बिएनाले आता सम वर्षी, स्थापत्याचं विषम वर्षी. करोनात एक वर्ष पुढे ढकललं तेव्हापासून असं झालं. दोन मुख्य जागा: जार्दिनी ही बाग आणि आर्सेनाले ही जुनी जहाजगोदी. दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. मी धरला, आणि रात्री लेकीने माझे पाय कोमट पाण्यात ठेवले.

आर्सेनालेत व्हेनिसच्या नौदलाची जहाजं बांधली जायची. तिथलं कोर्देरिए हे दोर वळण्याचं दालन तीनशे मीटरहून लांब आहे. कारण उघड आहे: जहाजाचा लांब दोर वळायचा तर तेवढी सरळ जागा लागते. आजची इमारत सोळाव्या शतकाच्या शेवटी अंतोनिओ दा पोंते याने बांधली, रिआल्तोचा दगडी पूल ज्याचा तोच. विटांच्या जाड गोल खांबांच्या दोन रांगा टोकापर्यंत जातात. इथे माझी पद्धत अशी: आधी कुठेही न थांबता टोकापर्यंत चालत जायचं, फक्त खांब बघत. परत सुरुवातीला यायचं आणि मग कामं बघायची. म्हणजे किती शिल्लक आहे याचा अंदाज राहतो आणि पहिल्या पन्नास मीटरमध्येच सगळा जीव जात नाही. बूट जुने, सवयीचे घाला. पाण्याची बाटली न्या. बसायला बाक दिसला की दुखत नसलं तरी बसा.

इथे आपलाही संबंध येतो. भारताचं पहिलं अधिकृत दालन बिएनालेत २०११ मध्ये लागलं, आर्सेनालेतच, आणि त्याची मांडणी मुंबईच्या रणजित होस्कोटे यांची. नंतर २०१९ मध्ये दुसरं. ते मी बघितलं. मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखतं केली होती, बाईच्या अंगाची, आणि ती त्या गोदीच्या विटांपुढे उभी होती. जिथे शतकानुशतकं युद्धाची जहाजं बांधली तिथे वेताचं चिलखत! बुरुडकाम मला कळतं. आमच्या गल्लीत बुरूड होते. वेत कुठे वाकवलाय, कुठे बांधलाय, गाठ कुठे लपवलीय, हे मी हिला समजावून सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्यासाठी थांबली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं आणि शहर बुडालं. विटांवर पांढरी रेघ दिसली तर ती कलाकृती नाही. मीठ आहे.

मात्र बिएनालेच्या काळातली खरी मेजवानी या दोन जागांच्या बाहेर आहे, आणि तिला बहुतेक तिकीट नसतं. ज्या देशांना बागेत स्वतःचं दालन नाही ते शहरभर वाडे, चर्च, मठ भाड्याने घेतात. एरवी ज्या घरांचं दारही उघडत नाही, त्यांच्या माडीवर तुम्ही फुकट जाऊ शकता. भिंतीवर लाल-पांढरी पाटी किंवा दारात लटकलेला फलक दिसला की वळा. आत काय आहे याची चौकशी करू नका. वाईटात वाईट काय होईल, कला भिकार निघेल. जिना तर बघायला मिळेल.

फ्लॉरेन्सला गेलात तर पलाझ्झो स्त्रोझ्झी. १४८९ मध्ये पाया घातलेला, एका सावकार घराण्याचा, दगडी, बाहेरून किल्ल्यासारखा. आत शिरलं की चौक, आणि चौकात शिरायला तिकीट लागत नाही. पुण्यातला जुना वाडा माहीत असलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही: बाहेर कोरडी भिंत, आत चौक, चौकाभोवती सोपे, मुख्य दालनं पहिल्या मजल्यावर. मोठ्या प्रदर्शनात चौकातही बहुधा एखादं काम असतं. ते आधी बघा आणि मगच वरचं तिकीट काढायचं का ते ठरवा. गुरुवारी रात्री अकरापर्यंत उघडं असतं, आणि जेवणाच्या वेळी खोल्या रिकाम्या होतात. दोन प्रदर्शनांच्या मध्ये मात्र वरचे मजले बंद, तेव्हा तारखा बघूनच गाडीचं तिकीट काढा.

२०२३च्या डिसेंबरात तिथे शिल्पकार अनीश कपूर यांचं प्रदर्शन होतं. जन्म मुंबईचा, १९५४ चा. त्यातल्या एका कामाचं नाव ‘स्वयंभू’. लाल मेणाचा अवाढव्य ठोकळा रुळांवरून इतक्या हळू सरकतो की आधी तो थांबलेलाच वाटतो. एका दालनातून दुसऱ्यात जाताना तो दारातून घासत जातो आणि दाराचाच आकार घेतो. बाकीचे लोक मेणाचा रंग बघत होते, रक्त, मांस असं काहीबाही म्हणत होते. मला आमचा एक म्हातारा गवंडी आठवला. छताखालची कॉर्निस ओढताना तो पत्र्याचा फर्मा ओल्या गिलाव्यावरून फिरवायचा, आणि जास्तीचा माल कडेने गळून पडायचा. इथे फर्मा जागेवर आणि माल चालतोय! वाड्याचं दारच फर्मा झालंय. अर्धा तास बघत बसलो. या वेळी ही पुढे गेली होती आणि मला न्यायला परत आली.

मिलानचं थोडक्यात. पलाझ्झो रेआलेत सतत प्रदर्शनं चालू असतात, पण तिकीट काढताना एकच विचारा: यात साला देल्ले कारियातिदी येते का? हो म्हणाले तर घ्या. १९४३च्या ऑगस्टमध्ये बॉम्बहल्ल्यात या दरबारी दालनाचं छत कोसळलं. भिंतीवरच्या पुतळ्यांची डोकी, हात गेले. नंतर छत घातलं, पण पुतळे तसेच ठेवले, जळके, तुटके. १९५३ मध्ये पिकासोचं ‘गेर्निका’ याच दालनात लावलं होतं. बॉम्बहल्ल्याचं चित्र बॉम्बहल्ल्यात फुटलेल्या खोलीत. तिथे आता दुसरं काहीही लागलेलं असो, ते बघताना हे डोक्यातून जात नाही.

ट्यूरिनजवळचा रिव्होलीचा किल्ला जरा आडवाटेला आहे: मेट्रोने फेर्मी स्थानकापर्यंत आणि पुढे बस. राजाने यूव्हारा या वास्तुकाराकडून मोठा बेत आखून घेतला आणि काम अर्ध्यावर सोडलं. आंद्रेआ ब्रूनो या वास्तुकाराने १९८४ मध्ये तो संग्रहालय म्हणून उभा केला, पण अर्धवटपणा लपवला नाही. छत नसलेले खांब तसेच, उघड्या विटा तशाच. वर एका सजवलेल्या खोलीच्या छतातून मॉरित्सियो कातेलान या कलाकाराचा पेंढा भरलेला घोडा लटकतो, मान खाली, पाय लोंबकळत. हिला वाईट वाटलं. मी आकडा कुठे अडकवलाय ते शोधत होतो.

काही बारीकसारीक. पाठीवरची पिशवी आणि छत्री दारातच ठेवून घेतात. लॉकरसाठी एखादं नाणं खिशात असू द्या. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो, तो तासभर आधी धरून चाला. जिने उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर ‘अशेन्सोरे’ विचारा, लिफ्ट बहुधा असते पण पाटी लपलेली असते. भिंतीवरचा लांब मजकूर शेवटी वाचा. आधी वाचला की डोळे तेवढंच शोधतात. आणि राखणदारांशी बोला. मला इटालियनचे वीस शब्द येतात. वर बोट करून ‘ओरिजिनाले?’ एवढं विचारलं तरी पुरतं. कलेबद्दल विचारलं तर ते कागदाकडे बोट दाखवतात, छताबद्दल विचारलं तर खुर्चीतून उठतात.

असाच एक प्रसंग. बिएनालेच्या दिवसांत, एका भाड्याच्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. कोपऱ्यातल्या भिंतीला उभी भेग होती आणि भेगेवर आडवी एक काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे. चार-पाच तरुण मुलं तिचे फोटो काढत होती. एकीने वहीत चित्रही काढलं. मी जवळ गेलो आणि ओळखलं. आमच्या खात्यात याला टेल-टेल म्हणायचे. भेग वाढतेय का हे बघायला काच चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. मी मुलांना काही बोललो नाही. राखणदार बाईंकडे बघून बोटांनी काच मोडल्याची खूण केली आणि मान हलवून विचारलं, मोडली का कधी? त्या हसल्या, उठून आल्या, आणि प्लास्टरच्या गोळ्यावर पेन्सिलीने लिहिलेली तारीख दाखवली. चार वर्षांपूर्वीची. काच अखंड होती. वहीवाल्या मुलीने तेवढ्यात तारीखही उतरवून घेतली.